मंदगतीचे व्रत आणि रस्त्याची वहिवाट

ज्या सद्गुणाचा खर्च दुसऱ्याच्या नावे पडतो, त्यास सद्गुण म्हणावे किंवा नाही, हा प्रश्न आपल्या धर्मचिंतनात नवा नाही. परंतु नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या सडकेवर, पेट्रोल वाचविण्याच्या हेतूने ताशी चाळीसच्या वेगाने, रस्त्याचा मध्य धरून चाललेली एखादी मोटार आणि तिच्या मागे खोळंबलेली वाहनांची रांग यांच्या रूपाने तो रोज उभा राहतो, आणि तेथे मात्र त्यास कोणी ओळखीत नाही. पुढचा मनुष्य आपण काटकसरी आहोत या समाधानात असतो, मागचे त्यास आडमुठा समजून हॉर्न वाजवीत असतात, आणि आपण या क्षणी एका धर्मप्रश्नाच्या मधोमध आहोत असे दोघांपैकी एकासही वाटत नाही. धर्म देवळात, मठात आणि गुरुद्वारात राहतो व सडकेवर केवळ वाहतुकीचे नियम राहतात, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. ती मला मान्य नाही, आणि म्हणूनच हा विषय मी धर्मविचाराचा समजून हाती घेत आहे.

प्रथम मंदगतीच्या बाजूने जे बोलावयाचे ते पूर्णपणे बोलले पाहिजे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ६० वरून ८० वर गेले असता वेग एकतृतीयांशाने वाढतो, पण तो विरोध पावणेदोन पटींहून अधिक होतो, आणि त्यास तोंड देण्यासाठी लागणारे इंधन आपल्या टाकीतूनच जाते. इंधन बचतीसाठी १९७८ साली स्थापन झालेली पेट्रोलियम कॉन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही सरकारी संस्था मोटारचालकांना ताशी ४५ ते ५५ किलोमीटरांचा वेग सुचवीत आली आहे, तो याच कारणाने. आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी चार-पंचमांशांहून अधिक तेल परदेशांतून विकत आणतो. तेव्हा एका माणसाने वाचविलेला लिटर हा त्याच्या खिशाइतकाच राष्ट्राच्या खजिन्यातही वाचलेला असतो. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब राष्ट्रांनी तेल अडवून धरले, तेव्हा अमेरिकेसारख्या वेगाच्या उपासक देशालाही २ जानेवारी १९७४ रोजी कायदा करून आपल्या हमरस्त्यांवर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरांची, हद्द घालावी लागली, आणि ती १९९५ पर्यंत टिकली. आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात पेट्रोलवर रेशन आले आणि कोळशाच्या गॅसवर मोटारी चालवाव्या लागल्या, ही आठवण आता फार थोड्यांजवळ उरली असेल. परंतु दुर्भिक्ष म्हणजे काय हे मराठवाड्याला इतिहासातून शिकावे लागत नाही. ज्या लातूर शहराने २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून आगगाडीने आलेले पाणी प्याले, पहिल्या खेपेचे पाच लाख लिटर पाणी ज्याने डोळे लावून पाहिले, त्या शहरातील मनुष्य एखादी वस्तू जपून वापरतो, तेव्हा त्यामागे कृपणता शोधणे अन्यायाचे होईल.

आणि काटकसर करणारे सगळेच हौसेने करीत नाहीत. एस.टी.च्या आगारात चालकाची पारख, दहा लिटर डिझेलात त्याने किती किलोमीटर गाडी चालविली, या आकड्यावरून होते. ‘केपीटीएल’ हा शब्द तेथे चालकांच्या तोंडी असतो, आणि तो आकडा घसरला म्हणजे त्यास जाब विचारला जातो. चाकूर-अहमदपूर भागातील काळीपिवळीवाल्याच्या दिवसभराच्या कमाईतून मालकाचा हिस्सा आणि डिझेल वजा जाता जे उरते तेच घरी जाते, आणि त्यातले डिझेल तेवढे त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याखाली असते. गाडी किती ‘अॅव्हरेज’ देते ही चौकशी आपल्या भागात गाडीच्या रंगाच्या अगोदर होते. ज्याच्या घरी सोयाबीनच्या भावावर वर्षाचे भवितव्य अवलंबून असते, तो ताशी ऐंशीच्या ठिकाणी पन्नासने गेला तर त्याने कोणाचे देणे बुडविले, असा सवाल कोणी मंदगतीच्या वतीने टाकील, आणि त्याचे उत्तर देणे वाटते तितके सोपे नाही.

तथापि मंद चालणे आणि बचत करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. फार हळू, खालच्या गिअरमध्ये रेंगाळणारी मोटार प्रत्येक किलोमीटरला अधिकच इंधन पिते, आणि बालाघाटाच्या उतारावर गाडी न्यूट्रल करून सोडणारा मनुष्य थेंबभर डिझेलाच्या लोभाने इंजिनाचा आवर गमावतो व सगळा भार ब्रेकांवर टाकतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट मागच्या वाहनांत घडत असते. सोयाबीनची पोती भरून लातूरच्या आडत बाजाराकडे निघालेला मालट्रक चढावर एका लयीत येत असताना पुढच्या मंद मोटारीमुळे त्यास ब्रेक लावावा लागला, म्हणजे त्या अवजड देहाने मिळविलेली सगळी गती उष्णता होऊन वाया जाते. मग पुन्हा दुसरा गिअर, पुन्हा तिसरा, पुन्हा काळा धूर, आणि पुढच्याने जे वाचविले असेल त्याहून कितीतरी अधिक त्या एका चढावर खर्च होण्याचा संभव असतो. पुढच्याच्या वहीत जमा दिसते, कारण खर्चाची वही मागच्याजवळ असते. दोन्ही वह्या एकत्र मांडल्याशिवाय बचत झाली किंवा नाही हे ठरत नाही. आणि राष्ट्राच्या नावाने जी काटकसर करावयाची, तिचा हिशेब तर एका टाकीपुरता करताच येत नाही.

वेळेचा हिशेबही असाच आहे. नांदेड-लातूर हे अंतर सुमारे १३५ किलोमीटरांचे. ते ताशी पन्नासने गाठले काय आणि ऐंशीने गाठले काय, सरळ गणिताने फरक एका तासाचा पडतो. तो तास ज्याने स्वतःहून दिला त्याने तो आपल्या मालकीच्या आयुष्यातून दिला. परंतु मागच्या रांगेतील प्रत्येकाकडून जी पाच-दहा मिनिटे गेली, ती त्यांनी दिलेली नसतात, घेतलेली असतात. आपल्या भागात भाऊबंदकीचे निम्मे तंटे बांध कोरण्यातून निघतात; कोरणारा एका वर्षी नांगराचा एकच तास घेतो आणि तेवढ्याने शेजारी काही भिकेस लागत नाही, तरी तहसीलदारापुढे फिर्याद जाते ती योग्यच जाते, कारण प्रश्न किती घेतले हा नसून कोणाचे घेतले हा असतो.

पतंजलीने जे पाच यम सांगितले, त्यांत अपरिग्रह शेवटचा आहे, आणि त्याच्या अगोदर अहिंसा, सत्य, अस्तेय आणि ब्रह्मचर्य आहेत. हे यम जाती, देश, काल आणि प्रसंग यांनी मर्यादित होत नाहीत तेव्हाच त्यांना महाव्रताची योग्यता येते, असे योगसूत्रांच्या दुसऱ्या पादात त्याने लगेच पुढे म्हटले आहे. गरजेपुरते घेणे आणि संग्रह न वाढविणे हा अपरिग्रह. परंतु तो पाळताना जर दुसऱ्याचा वेळ त्याच्या संमतीवाचून आपल्या कामी आला तर अस्तेयाला बाध येतो, आणि जर त्यामुळे कोणी उतावीळ होऊन समोरून येणाऱ्या वाहनाच्या तोंडी गेला तर अहिंसेलाही ओरखडा पडतो. एक यम मोडून दुसरा पाळता येत नाही. निदान तसा तो पाळला असे म्हणण्याचा अधिकार राहत नाही.

येथे कर्मसिद्धान्ताच्या आधाराने एक आक्षेप येतो, आणि तो फेटाळून लावण्यासारखा नाही. मंदगतीचा मनुष्य म्हणेल की, मी कायद्याने घातलेल्या कमाल वेगाच्या आत आहे. मागच्याने वळणावर, समोरचे काही दिसत नसताना ओव्हरटेक केले तर ते त्याचे कर्म आणि त्याचे फळही त्याचे. त्याच्या अधीरतेचा जिम्मा माझ्या माथी का? यात सत्य आहे. वळणावर गाडी बाहेर काढणाऱ्याचा अपराध पुढच्याच्या मंदगतीने एका कवडीनेही कमी होत नाही. परंतु आपल्या शास्त्रकारांनी हिंसेचा विचार करताना स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करविलेली आणि अनुमोदन दिलेली असे तीन प्रकार मानले, ते उगाच नव्हे. फळ कर्त्याला मिळते म्हणून निमित्त झालेला मनुष्य आपोआप सुटत नाही. पुढचा चालक मागच्याकडून अपघात करवितो, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल हे मी मान्य करतो. त्याचा दोष अधिक सूक्ष्म आहे, आणि त्यास जैन आचार्यांनी नेमके नाव दिले आहे, ते म्हणजे प्रमाद. तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्याच प्रमादाच्या पायावर उभी आहे: बेसावधपणाच्या योगाने झालेला प्राणघात ती हिंसा.

लातूर म्हणजे राष्ट्रकूटांच्या लेखांत येणारे लत्तलूर, असे इतिहासकार मानतात. त्या कुळातील राजे आपल्याला लत्तलूरचे अधिपती म्हणवून घेत, कंधारचा किल्ला त्यांच्याच नावाशी जोडलेला आहे, आणि त्यांच्यातील अमोघवर्ष हा जैन विद्येचा मोठा आश्रयदाता होऊन गेला. त्या परंपरेतील मुनींच्या आचारात ईर्यासमिती नावाचा एक नियम आहे. मुनीने दिवसाउजेडी, रुळलेल्या वाटेने, जूभर म्हणजे सुमारे चार हात पुढची भूमी न्याहाळीत चालावे, पायाखाली कोणी जीव येऊ नये म्हणून. जगातील मंदगतीच्या उपासकांत या मुनीचा क्रमांक फार वरचा लागेल. परंतु त्याची मंदगती त्याच्या स्वतःच्या बचतीसाठी नसते, ती वाटेवरच्या इतरांसाठी असते. त्याची दृष्टी चालताना सतत बाहेर, दुसऱ्या जीवांकडे असते. इंधनासाठी हळू जाणाऱ्या आपल्या मोटारचालकाची दृष्टी पुष्कळदा आत, अॅव्हरेजच्या आकड्यावर असते, आणि मागचे दाखविणारा आरसा केवळ केस नीट करण्यापुरता उरतो. गती दोघांचीही मंद. पण एक गती सावधानतेतून निघाली आहे आणि दुसरीने सावधानतेलाच रजा दिली आहे.

मग मंदगतीच्या मनुष्याने काय करावे? आपले व्रत सोडून द्यावे? मुळीच नाही. गोदावरीच्या काठी पैठणास राहिलेल्या एकनाथांची ती परंपरागत कथा येथे फार उपयोगी पडते. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला वाहावयाची, हे यात्रेचे मोठे पुण्य. आणि वाटेत तापलेल्या वाळूत तहानेने तडफडणारे एक गाढव दिसले तेव्हा नाथांनी ते पाणी त्याच्या मुखी घातले. या कथेतील करुणेचे वर्णन कीर्तनकार रसाळपणे करतात. मला तिच्यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या गाढवाची तहान खरी किती, ते कोणाचे, त्याने सकाळी पाणी प्याले होते की नाही, याची चौकशी नाथांनी केली नाही. आपल्या मागे डिपर मारणारी मोटार कोणत्या कारणाने घाईत आहे हे पुढच्याला कधीच कळत नाही. तिच्यात केवळ वेगाचा हौशी तरुण असेल. अहमदपूरहून लातूरच्या दवाखान्यात नेली जाणारी, कळा सुरू झालेली गर्भवती असेल. किंवा जिच्यासाठी आईबापांनी जमीन गहाण टाकून लातुरात खोली घेतली आहे, अशी परीक्षेला निघालेली मुलगी असेल. कोणाची घाई खरी आणि कोणाची पोकळ याचा निवाडा आरशात पाहून करता येत नाही. म्हणून निवाडा न करता वाट द्यावी, एवढेच शहाणपणाचे आणि धर्माचेही ठरते. वाट दिल्याने व्रत मोडत नाही. चार मोटारी पुढे गेल्यानंतर तोच पन्नासचा वेग, तीच बचत, तेच समाधान शिल्लक असते.

बाराव्या शतकात, आजच्या लातूर जिल्ह्याच्या शेजारीच असलेल्या कल्याणात, बसवेश्वरांनी कायक आणि दासोह ही दोन तत्त्वे एकमेकांशी बांधली: प्रामाणिक श्रमाने मिळवावे आणि मिळविलेले समाजाला अर्पावे. लिंगायत संप्रदाय आपल्या लातूर-अहमदपूर भागात घरोघर रुजलेला असल्याने हे शब्द येथील माणसाला समजावून सांगावे लागत नाहीत. काटकसर हा कायकाचाच एक भाग आहे, असे मी मानतो. परंतु दासोहावाचून कायक अपुरे राहते, त्याप्रमाणे साइड देण्यावाचून हळू चालणे अपुरे राहते.

आता घाईवाल्याकडे वळले पाहिजे, कारण वर जे लिहिले त्याचा आधार घेऊन त्याने हॉर्नवर हात ठेवावा, असा माझा मुळीच अभिप्राय नाही. ताशी शंभरने जाणारा मनुष्यही सार्वजनिक ठेव्यातूनच खर्च करीत असतो. त्याने जाळलेले तेल परकीय चलन देऊन आणलेले असते, त्याचा धूर रस्त्याकाठच्या वस्तीत राहतो, आणि त्याच्या वेगाची भीती कडेने सायकलवर शाळेला जाणाऱ्या पोराच्या वाट्यास येते. मंदगतीच्या मनुष्याने दुसऱ्याची मिनिटे घेतली असतील. अतिवेगाचा मनुष्य दुसऱ्याचे आयुष्यच पणास लावतो. १९०९ साली ‘हिंद स्वराज्य’ लिहिताना गांधीजींनी रेल्वेच्या वेगाबद्दल जी शंका घेतली, चांगुलपणाची चाल मंद असते आणि वेगाच्या वाहनावर दुष्टताच लवकर पसरते असा जो विचार मांडला, तो सर्वस्वी पटला नाही तरी त्यातील एक गोष्ट नाकारता येत नाही: वेग हा हक्क आहे, ही समजूत माणसात यंत्रामुळे आली आणि यंत्राबरोबरच ती वाढली. ज्याला खरोखर घाई आहे त्याने वाट मागावी, मागण्याची सभ्य रीत पाळावी, आणि ती मिळेपर्यंत थांबावे. वाट मिळणे ही कृपा आहे असे समजून जो पुढे जातो, त्याची घाईसुद्धा शोभते.

आणि तिसरा एक वर्ग आहे, ज्याच्याविषयी या वादात कोणी बोलत नाही. तो हळू जातो, कारण त्यास अधिक वेगाने जाताच येत नाही. गळिताच्या हंगामात, साधारण नोव्हेंबरापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत, उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर आपल्या सगळ्या सडकांवर असतात. चढावर असा एखादा ट्रॅक्टर पाहावा: पुढची चाके जमिनीवर टेकतात की नाही अशी शंका यावी इतका भार मागे; उसाचे वाढे ट्रॉलीच्या कडांवरून लोंबून डांबर झाडीत असते; मागच्या ट्रॉलीला लाल दिवा नसतो, असलाच तर फाटक्या पोत्याखाली झाकलेला असतो; आणि तरीही मागून मोटार आली असे कळताच तो चालक, जेथे कडेची मुरूम भरलेली पट्टी पक्की दिसेल तेथे, आपली डावी चाके हलकेच खाली घेतो आणि हात बाहेर काढून पुढे जाण्याची खूण करतो. त्याच्याजवळ वेग नाही, पण वाट देण्याची बुद्धी आहे. ज्याच्याजवळ वेग आहे आणि जो काटकसरीसाठी तो वापरीत नाही, त्याने हे या ट्रॅक्टरवाल्यापासून शिकावे, असे मला मनापासून वाटते.

याच वर्गात लोह्याजवळच्या माळेगावी मार्गशीर्षात भरणाऱ्या खंडोबाच्या यात्रेला निघालेली जनावरे येतात, बैलगाड्या येतात, आषाढीला पंढरीच्या वाटेने पायी निघालेल्या दिंड्या येतात. निजामाच्या अमदानीत १९३२ साली अवघ्या सत्तावीस मोटारींनिशी सरकारी बससेवा सुरू झाली, त्याच्या कितीतरी शतके अगोदरपासून या वाटांची वहिवाट पायांची आणि खुरांची होती. त्यांच्या मंदगतीपुढे थांबणे हा उपकार नाही. मोटार हे या सडकेवरचे सर्वांत नवे कूळ आहे, आणि नव्या कुळाने जुन्या वहिवाटीचा मान राखावा, हा आपल्याकडचा रिवाज आहे. म्हणजे थांबण्याचे ओझे सर्वांवर सारखे नाही. ज्याला वेग शक्यच नाही, त्याच्यासाठी मागच्याने धीर धरावा. ज्याने वेग स्वेच्छेने सोडला, त्याने मागच्यासाठी बाजू घ्यावी. हा भेद न केल्यामुळेच आपण बैलगाडीवाल्यावर आणि वातानुकूलित मोटारीतल्या रेंगाळणाऱ्यावर सारखेच ओरडतो.

जुन्या पिढीला बार्शी लाइट रेल्वे आठवत असेल. अडीच फुटी रुळांवरून ती १९११ साली लातुरास पोहोचली आणि या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे रुंदीकरण होईपर्यंत आपल्या सावकाश चालीने धावत राहिली. तिच्या मंदगतीवर लोक हसले, पण तिच्यामुळे सडकेवरच्या कोणाचे वाहन अडले नाही, कारण तिचे रूळ तिचे होते. सडकेला असे खाजगी रूळ नसतात. तेथे प्रत्येकाचे व्रत दुसऱ्याच्या वाटेवरूनच पाळावे लागते. नांदेड-लातूर मार्गाचे बरेच भाग आता चौपदरी झाल्याने प्रश्न काहीसा सौम्य झाला आहे, तरी उजवी मार्गिका अडवून हळू जाणाऱ्यांनी तो तेथेही जिवंत ठेवला आहे. आणि कंधार, मुखेड, उदगीर, देगलूरकडच्या दुपदरी रस्त्यांवर तर तो पूर्वीसारखाच तीव्र आहे. १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या रस्ते-वाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय करारात, सबळ कारणावाचून अवाजवी मंदगतीने जाऊन इतरांची सामान्य गती अडवू नये, असे कलम घातले गेले. परंतु कायद्याचे कलम आरशात पाहावयास लावू शकत नाही.

दर वर्षी जानेवारीच्या सुमारास एस.टी.च्या आगारांत आणि पेट्रोल पंपांवर इंधन बचतीची मोहीम होते, आणि त्याच सुमारास परिवहन खाते रस्ता सुरक्षेची मोहीम काढते. एका मंडपात हळू चालवा म्हणून सांगितले जाते ते डिझेलासाठी, दुसऱ्यात ते जिवासाठी, आणि हळू चालविणाऱ्याने मागच्याला वाट कशी द्यावी हे सांगणे दोहोंच्या मध्ये राहून जाते. नांदेड आणि लातूर येथील अधिकाऱ्यांना, मोटार ड्रायव्हिंग शाळांच्या चालकांना आणि साखर कारखान्यांच्या संचालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या जानेवारीत या दोन मोहिमा एकाच व्यासपीठावर घ्याव्यात. ताशी पन्नासचा फायदा सांगणाऱ्याच माणसाने डावी बाजू, आरसा, आणि मागे चार वाहने साचली तर पुढच्या फाट्यावर क्षणभर थांबणे या गोष्टी त्याच श्वासात सांगाव्यात. आणि त्याच दिवशी कारखान्याच्या फाटकावर उभे राहून प्रत्येक मागच्या ट्रॉलीला लाल परावर्तक पट्टी लावून द्यावी, कारण त्या महिन्यात ऊस रस्त्यावर असतो आणि अंधार लवकर पडतो.